खाडा पडला म्हणून रतीब बंद होत नाही

प्रश्न : माझे वय ४३ वर्षे असून उंची १५८ सेंटीमीटर आहे. मी शाळेत शिक्षिका आहे. गेल्या डिसेंबरात माझे वजन ८६ किलो होते आणि रक्तातील साखर मधुमेहाच्या सीमेवर असल्याचे तपासणीत आढळले. आईला मधुमेह असल्यामुळे मी घाबरले आणि वजन ६२ किलोपर्यंत उतरवण्याचे ठरवले. पहाटे चालायला जाणे, रात्रीचा भात बंद, चहातली साखर बंद, असे सगळे नेमाने केले. मे महिन्यापर्यंत काटा ७७ वर आला आणि तेव्हापासून तो ७७ आणि ७८ यांच्यामध्येच अडकून पडला आहे. रोज सकाळी उठल्याबरोबर वजन करते. आकडा वर दिसला की दिवसभर चिडचिड होते. पाऊस सुरू झाल्यापासून चालणे सारखे बुडते आहे, त्यात आता श्रावणातले उपवास आले. जाऊबाई म्हणतात, ‘किती उतरलीस, आजारी दिसतेस, पुरे झाले आता.’ सुरुवातीचा उत्साह पार ओसरला आहे. अजून पंधरा किलो बाकी आहेत या विचारानेच थकायला होते. तो उत्साह पुन्हा कसा आणावा? – एक शिक्षिका, सांगली

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ‘अजून पंधरा किलो बाकी आहेत’ हे त्यात आहे; ‘नऊ किलो उतरले’ हे मात्र कुठेही नाही, ते मला वजाबाकी करून काढावे लागले. तेव्हा उत्साहाचा विचार करण्याआधी या नऊ किलोंचे मोल काय ते पाहू.

८६ किलोंतले नऊ म्हणजे दहा टक्क्यांहून थोडे अधिक. ज्यांची साखर तुमच्यासारखीच सीमेवर होती अशा सव्वातीन हजारांच्या आसपास अमेरिकी स्त्रीपुरुषांचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाला सात टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम करणे, एवढेच लक्ष्य दिले होते. सरासरी तीन वर्षांच्या आसपास त्यांच्यावर लक्ष ठेवले, तेव्हा नुसती निष्प्रभाव गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. सात टक्के म्हणजे तुमच्या हिशेबाने सहा किलो. ती रेघ तुम्ही केव्हाच ओलांडली आहे.

त्याहूनही तुमच्या कामाचा अभ्यास आपल्याकडचा आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये ५३१ जणांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. आहार आणि चालणे सुधारलेल्या गटाचे वजन तिथे जवळजवळ उतरलेच नव्हते, तरीही मधुमेहाचा धोका २८ टक्क्यांच्या आसपास कमी झाला होता. काटा जागचा हलत नसतानाही शरीरात काहीतरी चांगले घडत असते, याचा इतका सरळ पुरावा मला दुसरा सुचत नाही. म्हणून पहिले काम असे करावे, की डिसेंबरात केलेली साखरेची तपासणी पुन्हा करून घ्यावी आणि तिच्यासोबत तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणीही करावी. तुम्ही हे सारे साखरेच्या भीतीने सुरू केले होते. मग उत्तरही साखरेलाच विचारायला हवे. वजनकाट्याला ते ठाऊक नसते.

आता काटा अडकण्याविषयी. सुरुवातीच्या आठवड्यांत वजन झपाट्याने उतरते, त्यात बराचसा वाटा पाण्याचा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. खाणे कमी झाले की हा साठा वापरला जातो आणि ते पाणी निघून जाते. नंतरची वाट चरबीची, म्हणजे आपोआपच संथ असते. शिवाय डिसेंबरात तुमचे पाय जिना चढताना ८६ किलो वाहत होते, आता ७७ वाहतात, त्यामुळे तेवढ्याच चालण्याला आता कमी ऊर्जा लागते. ज्या जेवणाने जानेवारीत वजन उतरत होते, तेच जेवण आज वजन आहे तिथे राखण्यापुरते असू शकते. चुकले कुणाचेच नाही. हिशेबाच्या दोन्ही बाजू जुळल्या, इतकेच.

भुकेचेही असेच आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवले आणि पुढे वर्षभराने त्यांची तपासणी केली. भूक वाढवणारी आणि भागवणारी संप्रेरके तेव्हाही पूर्वपदावर आलेली नव्हती, असे त्यांनी २०११ मध्ये मांडले. वजन उतरवलेल्या माणसाला पूर्वीपेक्षा अधिक भूक लागते ती अशी. तिला जिभेचे चोचले म्हणून स्वतःला दूषणे देत बसू नये.

मात्र एक शक्यता तपासून पाहायला हवी. सहासात महिन्यांनंतर मापे नकळत सैल होतात, आणि आपल्या स्वयंपाकघरात सर्वांत आधी सैल होते ती तेलाची धार. तेलाचा मनातला अंदाज सोडून द्यावा आणि पिशव्या मोजाव्यात. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोजचे ३३ मिलिलिटर झाले, म्हणजे साधारण पावणेतीनशे उष्मांक; आणि पोळीवरचे तूप, खोबरे, दाण्याचे कूट यांतला स्निग्धांश त्यात धरलेलाच नाही. पाच लिटरचे चार लिटर झाले, तर माणशी रोजचे पंचावन्नच्या आसपास उष्मांक वाचतात, आणि तेही घरातल्या सर्वांचे, कुणालाही वेगळे ताट न वाढता. पिशवी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवावी. फोडणीसाठी पळी वापरत असाल तर ती बाजूला ठेवून चहाचा चमचा घ्यावा. पहिले चार दिवस भाजी कोरडी वाटेल. नंतर जीभ सरावते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

रोज सकाळचे वजन मात्र बंद करावे. काही जणांना रोजच्या आकड्याने शिस्त लागते, पण तुमचा दिवसच त्याने नासतो आहे. आदल्या रात्रीचा पापड, लोणचे, पाळीच्या आधीचे दिवस, साफ न झालेले पोट, एवढ्यानेही काटा एक-दीड किलो वर जातो, आणि त्या दीड किलोत चरबी जवळजवळ नसते. रविवारी शौचानंतर, चहाच्या आधी, एकदाच वजन करावे. त्यासोबत महिन्यातून एकदा कंबर मोजावी : सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, फीत न आवळता. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा मानली जाते. आपल्या अंगकाठीत कंबर का महत्त्वाची, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचेच उदाहरण देऊन दाखवले आहे. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३ होता, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. दोघांचे ते छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. काट्यावर दोघे सारखेच दिसले असते.

आता तुमचा मूळ प्रश्न. उत्साह परत आणण्याचा उपाय माझ्याकडे नाही, आणि त्याची फारशी गरज आहे असेही मला वाटत नाही. डिसेंबरातल्या उत्साहामागे भीती होती आणि दर आठवड्याला खाली जाणारा आकडा होता. आज दोन्ही नाहीत, तर तो उत्साह राहणार कशावर? त्याच्या जागी एखादी रुक्ष, घरगुती व्यवस्था लागते. अशी एक व्यवस्था मी माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंकडून शिकले. त्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या कडेला, चौकटीत दुधाचा हिशेब लिहिलेली दिनदर्शिका होती : रोजचे दीड लिटर, पाहुणे आले त्या दिवशी अडीच, गावाला गेले तेव्हा ‘खा’, म्हणजे खाडा. त्याच चौकटींच्या कोपऱ्यात त्यांनी लाल पेनाने चालण्याची मिनिटे लिहायला सुरुवात केली. वीस, वीस, पस्तीस, खा, खा, पंधरा. मी त्यांना विचारले, ‘दोन दिवस बुडाले की वाईट नाही वाटत?’ त्या म्हणाल्या, ‘अहो, चार दिवस खाडा पडला म्हणून दुधाचा रतीब बंद करतो का आपण?’ महिनाअखेरीस त्या दुधाच्या बिलाबरोबर मिनिटांचीही बेरीज करत. वजनाचा आकडा त्या पानावर कुठेही नव्हता.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांना रोजची एकेक साधी सवय लावायला सांगून तिचा माग ठेवला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले; पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसले. म्हणजे त्या बाईंचे शास्त्र बरोबरच होते.

तुमचा रतीब मात्र पावसाळ्यात निभेल एवढाच ठेवावा. पहाटेचे पाऊण तास चालणे उन्हाळ्यात ठीक होते. आता घरातच वीस मिनिटे हेच माप धरावे : खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढल्यासारखे करणे, जिना असेल तर तीन-चार फेऱ्या, आणि उरलेला वेळ फोनवर बोलताना पॅसेजमध्ये येरझाऱ्या. शाळेत मधल्या सुट्टीत एक फेरी जमली, तर ती मिनिटेही लिहावीत. पाऊस उघडल्यावर जास्त चाललात तर ती वरकड कमाई. ठरलेले माप मात्र वीसच राहू द्यावे.

उपवासांविषयी थोडक्यात सांगते, कारण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास उष्मांक; त्यावर दाण्याचे कूट आणि तूप आले की खिचडीची एक ताटली नेहमीच्या जेवणाला मागे टाकते, आणि दोन तासांनी पुन्हा भूक लागते ती वेगळीच. श्रद्धेत मी पडत नाही. सोमवारी भगर, काकडीची कोशिंबीर, वाटीभर दही, एखादे फळ असे ठेवले तर उपवासही होईल आणि रविवारी काट्याची भीतीही राहणार नाही.

जाऊबाईंचे बोलणे मनाला लावून घेऊ नये, पण अगदी झटकूनही टाकू नये. चेहऱ्यावरची चरबी लवकर दिसेनाशी होते, म्हणून माणूस आजारी वाटतो. मात्र भात बंद करताना वरण, उसळही कमी झाली असेल, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि मग थकवा खरोखरच येतो. प्रथिनांची आपल्याकडची शिफारस रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम अशी आहे. तुम्ही ठरवलेल्या ६२ किलोंवर हिशेब केला तरी पन्नास ग्रॅमच्या पुढे जातो. वाटीभर घट्ट वरणातून सहासात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा, शंभर ग्रॅम दह्यातून तीन-चार. आपल्या ताटात पन्नास भरतात का, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. थकवा फार असेल, केस गळत असतील, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे.

आणि शेवटची सूचना तुम्हाला कदाचित आवडणार नाही : दिवाळीपर्यंत वजन उतरवूच नये. ७७ वर टिकवावे. गणपती, गौरी, नवरात्र, दिवाळी या काळात उकडीचे मोदक, पुरणपोळी आणि फराळ घरात असताना ७८ च्या वर न जाणे हे पुरेसे मोठे काम आहे, आणि पुढे आयुष्यभर जे करायचे आहे त्याचीच ही तालीम आहे. दिवाळीनंतर थंडीत चार किलोंचे लक्ष्य धरावे. ६२ हा आकडा तूर्त वहीत लिहून वही मिटून ठेवावी. ७० वर पोहोचल्यावर डॉक्टरांशी बोलून तो ठेवायचा की बदलायचा ते ठरवता येईल.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा असून हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. दोन वर्षांपूर्वी दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत पाळून १४ किलो उतरवले होते. गेल्या वर्षभरात त्यातले ११ किलो परत आले. कार्यालयातील सर्वांनी तेव्हा खूप कौतुक केले होते. आता पुन्हा सुरुवात करायची लाज वाटते. – एक वाचक, पुणे

उत्तर : डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेली ही पद्धत लोकांना जमते, कारण तिच्यात मोजमाप नाही : दोन जेवणे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि मधल्या वेळेत काही नाही. तुमच्या पत्रात ती का सुटली हे लिहिलेले नाही, आणि मला तेच जाणून घ्यायचे आहे. कामाची पाळी बदलली का? रात्री अकराला परदेशातल्या लोकांबरोबर बैठका आणि त्यानंतर बाहेरून मागवलेले जेवण, असे सुरू झाले का? लग्न झाले, घर बदलले, आजारपण आले? ज्या आठवड्यात घडी विसकटली तो आठवडा आठवून कागदावर लिहावा. तो सापडला नाही, तर कुठलीही नवी पद्धत पुन्हा त्याच जागी मोडेल.

लाजेचे म्हणाल, तर अमेरिकेत १९९४ पासून अशा माणसांची एक नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर तरी परत येऊ दिलेले नाहीत. त्यांतल्या बहुतेकांनी आधी प्रयत्न केलेले होते आणि ते फसलेले होते. या लोकांच्या सवयीही फार चमकदार नाहीत : नियमित न्याहारी, आठवड्यातून एकदा तरी वजन, रोज तासाभराच्या आसपास हालचाल, दूरचित्रवाणीसमोर कमी वेळ. त्यातल्या न्याहारीवरून तुमच्या पद्धतीशी वाद घालत बसू नये. ज्या वेळा तुमच्या नोकरीत सांभाळता येतील त्या धराव्यात. या वेळी कार्यालयात कुणालाही सांगू नये, असे माझे मत आहे. कौतुक चढत्या काळात गोड लागते, उतरत्या काळात त्याचेच ओझे होते. घरातल्या एका माणसाला सांगावे, तेवढे पुरे. आणि चौदातले तीन किलो अजून तुमच्याकडेच आहेत. सुरुवात त्यांच्यापासून मोजावी.

प्रश्न : वय ६६. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी दहा किलो कमी करायला सांगितले आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, आता इंजेक्शने निघाली आहेत, कशाला एवढी उठाठेव करतेस?’ खरेच घ्यावीत का? – एक आजी, नाशिक

उत्तर : मुलगा म्हणतो ती औषधे खरी आहेत आणि परिणामकारकही आहेत. त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ मधील मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरले. मात्र औषध आणि त्यासोबतचे मार्गदर्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, हेही त्याच चाचणीतील लोकांच्या पुढच्या पाहणीत दिसले. म्हणून ती घ्यायची की नाही, किती काळ घ्यायची, खर्च किती आणि तुमच्या इतर औषधांशी त्यांचे जमते का, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. या वयात वजनाबरोबर स्नायू झिजले तर पडण्याचा धोका वाढतो, म्हणून इंजेक्शन घेतले तरी वरण-उसळ आणि पायांचे व्यायाम सुटत नाहीत.

दहा किलोंचा धसका मात्र घेऊ नये. वजन एक किलोने कमी झाले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे गुडघेदुखीच्या वयस्कर रुग्णांवरील मोजणीत आढळले आहे. दोन किलो उतरले की देवळात चालत जाताना पावलागणिक आठ किलोंचे ओझे खाली ठेवल्यासारखे होईल. खुर्चीत बसून एक पाय सरळ करावा, दहा आकडे मोजेपर्यंत तसाच ताणून धरावा, मग दुसरा. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. दुखणे वाढले तर थांबावे आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावे.